ताशेरे, ठपका की ताकीद?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. लोकप्रतिनिधींच्या आचरणावर टिपण करतेय, त्यात अमेरिकेतल्या टॉम डिले यांचं प्रकरण घेतलंय. तेव्हा ते प्रतिनिधीगृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते; ‘हॅमर’, म्हणजे हातोडा, हे त्यांचं टोपणनाव. सभागृहाच्या नैतिकता समितीने २००४ मध्ये त्यांना तीन बाबींवर ‘ॲडमॉनिश’ केलं. वर्गातून तीन शब्द आले: ताशेरे ओढले, ठपका ठेवला, ताकीद दिली. कोणता घेऊ?

बेलापूर
ताई, ठपका नको. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळण्यात झाली, म्हणून आग्रहाने सांगतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या शिस्त व अपील नियमांत ठपका ही किरकोळ शिक्षांमधली पहिली शिक्षा आहे. शिक्षा म्हटलं की आधी ज्ञापन, म्हणजे आरोप कळवणारं पत्र, मग त्या माणसाचा खुलासा, मग आदेश, आणि आदेशाच्या तळाशी ‘सेवापुस्तकात नोंद घ्यावी’. शिक्षा न करता नुसती समज दिली, तर तिचं पत्र वैयक्तिक नस्तीत, म्हणजे फायलीत लागतं आणि विषय तिथे मिटतो. बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटतं. ज्याची बढती अडते त्याला विचारा!

आता डिले यांच्याकडे बघा. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या विधेयकावर मत मिळावं म्हणून एका सदस्याच्या मुलाला निवडणुकीत पाठिंबा देऊ केला, ही एक बाब. ऊर्जा विधेयक समोर असताना ऊर्जा कंपनीच्या लोकांबरोबर निधी संकलनाचा कार्यक्रम, ही दुसरी. टेक्सासमधले विरोधी आमदार कुठे गेलेत हे शोधायला केंद्राच्या विमान वाहतूक खात्याला कामाला लावलं, ही तिसरी. बाबी गंभीरच. पण समितीने पत्र दिलं आणि थांबली. सभागृहात मतदान नाही, दंड नाही, पदही गेलं नाही. याला ‘लेखी समज’ म्हणा. फार तर ‘ताकीद’.

ठपका बसतो तो न्यूट गिंग्रिच यांना. ते सभापती होते. १९९७ मध्ये सभागृहाने ३९५ विरुद्ध २८ मतांनी ठराव केला आणि तीन लाख डॉलर भरायला लावले. त्याच्याही वरची पायरी म्हणजे ‘सेन्शर’. सदस्याला सभागृहापुढे उभं करून सभापती ठराव वाचून दाखवतात. २०१० मध्ये चार्ल्स रँगल यांच्यावर ती वेळ आली. तिथे ‘जाहीर निर्भर्त्सना’ लिहा. आपल्या नियमांच्या इंग्रजी प्रतीत ठपक्यालाच ‘सेन्शर’ म्हटलंय, म्हणून मुलांना तेवढं सांभाळायला सांगा.

वाशी
काकांशी सहमत. ताशेऱ्यांबद्दल थोडं, कारण ते आमच्या कोर्टातलं. ताशेरे ओढतं न्यायालय, निकाल देता देता, एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा तपासाच्या वागणुकीवर. ज्याच्यावर ओढले तो वरच्या कोर्टात जाऊन ‘ताशेरे वगळावेत’ अशी विनंती करू शकतो. समितीने रीतसर तक्रार घेऊन मत दिलं, त्याला हा शब्द लागू पडत नाही. आणि ‘फटकारले’ तर टिपणात येऊच देऊ नका. त्यातून शिक्षा झाली की नुसतं बोलून सोडलं, हे कळतच नाही, आणि मतदाराला तेवढंच तर कळायला हवं असतं.

नौपाडा
दोघांचे आभार. ‘लेखी समज’ घेते. आणखी एक: पुढे त्यांच्यावर खटला झाला, तिथे ‘दोषी’ लिहू ना?

वाशी
नको, पूर्ण लिहा. निवडणूक निधीच्या प्रकरणात २०१० मध्ये ज्यूरीने दोषी धरलं, २०११ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये अपिलात निर्दोष ठरवलं आणि २०१४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ते कायम केलं. ‘शिक्षा रद्द’ एवढंच लिहिलंत तर दोष राहिला असं वाटेल. ‘निर्दोष मुक्तता’ हाच शब्द.

बेलापूर
आणि समितीची समज त्याने पुसली जात नाही, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या. कोर्टाने बघितला तो गुन्हा, समितीने बघितलं ते वर्तन. दोन्ही नोंदी वेगळ्या.