वापर कमी, माणसं जास्त: जुनी व्हॅन परवडते का? (अनुभव धागा, नागपूर)

वर्धारोडवासी

घरी सहा माणसं आणि एक हॅचबॅक. रोजचं छान भागतं, मी दुचाकीवर आणि मुलगी मेट्रोने. अडतं ते रामटेक, आदासा-धापेवाडा करायचं ठरलं की, किंवा काटोलला काकांच्या बगिच्यात संत्र्याचा आंबिया बहार उतरला की. मग दोन फेऱ्या, नाहीतर भाड्याची गाडी. म्हणून एखादी जुनी मारुती ईको व्हॅन बघावी असं घरात चाललंय. बायको म्हणते घ्या, बाबा म्हणतात पांढरा हत्ती.

मी कागदावर मांडलं ते असं. तीन लाखांची गाडी धरली. पाच वर्षांनी पावणेदोन लाखांना गेली तर वर्षाला २५ हजारांची घट. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर २१ हजार व्याज आलं असतं, तेही गेलं. विमा ९ हजार (१००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टीच ३,४१६ रुपये, वर कर). ऑइल-फिल्टर-सर्व्हिसिंग ७ हजार. टायर-बॅटरीसाठी साडेचार हजार बाजूला. पीयूसी आणि किरकोळ दीड हजार. झाले ६८ हजार, गाडी जागची न हलता.

आता भाडं. सात सीटर, ड्रायव्हरसकट, दिवसाचे किमान ३०० किमी, १४ रुपये दराने ४,२०० आणि ड्रायव्हरचा भत्ता ४००. स्वतःची गाडी तेवढीच फिरली तर १४ च्या अॅव्हरेजने साधारण २,२५० चं पेट्रोल. टोल दोन्हीकडे सारखा. म्हणजे दिवसाला २,३५० वाचले. ६८ हजारांना यानं भागलं तर वर्षाला २९ दिवस येतात. एवढे दिवस गाडी खरंच बाहेर काढली तर बरोबरी. आमचे दिवस निम्मेही भरत नाहीत. तरी मन मानत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी जुनी व्हॅन घेऊन क्वचितच वापरली त्यांनी पैसा नेमका कुठे गेला ते लिहा. विचार करून न घेतलेल्यांनीही लिहा. एजंटचे नंबर नकोत.

गॅरेजवाला भाऊ

हिशोब तं बरोबर लावला भाऊ, पण एक कलम राह्यलं. उभ्या गाडीले जास्त खर्च लागते. चालत्या गाडीत बिघाड झाला तं आवाज येते, उभी गाडी गुपचूप सडते. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. तिथं ऊब असते, अंधार असते, उंदराले अजून काय पाह्यजे? वायरिंग कुरतडलेल्या व्हॅन दर पावसाळ्यात येतात माह्याकडे. लोकं तंबाखूची पानं ठेवतात, डांबरगोळ्या ठेवतात. माह्या अनुभवात एकच गोष्ट चालते, हप्त्यातून एकदा गाडी हलवणं.

घेताना सीट उचलून पाहा. कुलंटच्या डब्यात तेलकट साय दिसली की हेड गॅस्केटचं काम निघालं समजा. मॅट उचलून खालचा पत्रा पाहा, सरकत्या दाराची खालची पट्टी पाहा, तिथंच पाणी साचते अन् गंज धरते. गाडी सकाळी थंडी असताना पाहाले जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असन तं काहून ठेवली ते इचारा.

पुस्तकवाला

माझं गणित वर्धारोडवासींपेक्षा वेगळं आहे, कारण माझा वापर वर्षभर पसरलेला नाही. मी पुस्तकांचा स्टॉल लावतो. दसऱ्याला दीक्षाभूमी, त्याच सुमारास कामठीला ड्रॅगन पॅलेसकडे, मग हिवाळाभर शाळा-कॉलेजांतली प्रदर्शनं. मार्च आला की व्हॅन जवळपास झोपते.

आधी मी छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेम्पो) लावायचो. एरवी भाडं परवडतं. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास शहरात लाखोंनी माणसं येतात, प्रत्येक स्टॉलवाल्याला त्याच दिवशी गाडी हवी असते. दर दुप्पट होतो तो एक भाग. मुख्य दुखणं असं की गाडीवाला माल उतरवून निघून जातो. रात्री उरलेली पुस्तकं कुठे ठेवायची? पाऊस आला तर? ऑक्टोबरात येतोच. आता व्हॅन स्टॉलपासून जमेल तेवढ्या जवळ लावतो, तीच गोदाम आणि रात्री झोपायची जागाही तीच.

मी मारुतीची ओम्नी व्हॅन घेतली. २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं, तरी सुटे भाग अजून मिळतात आणि कॉटन मार्केटच्या पुढे कुठल्याही मिस्त्रीला ती डोळे मिटून खोलता येते. ७९६ सीसी असल्याने थर्ड पार्टी विमा २,०९४ वर येतो. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. पुस्तकांचं वजन फसवं असतं, खोके अर्ध्या उंचीपर्यंत रचले की मी थांबतो. वरची जागा रिकामी दिसते म्हणून भरत गेलं तर पाटे बसतात आणि ब्रेक लांबतो. एअरबॅग नाहीत, समोर इंजिनाचं नाकही नाही, धडक झाली तर तुमचे गुडघेच पुढे. म्हणून मी ती शहरात आणि कामठीपर्यंतच चालवतो, हायवेला काढत नाही. घरच्या माणसांना फिरवायला मी ओम्नी घ्या असं कोणाला सांगणार नाही.

उन्हाळ्याचं सांगतो, कारण इथे कोणी सांगत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उभ्या गाडीचे रबर मरतात. दाराच्या बीडिंग, वायपर, पाइप. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतो, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरतो, आणि पंधरवड्यातून एकदा पहाटे रिंग रोडला चांगली अर्धा तास फिरवून आणतो. जागेवर सुरू करून बंद करणं म्हणजे बॅटरी आणखी खाली नेणं. टाकी अर्धवट ठेवू नका असंही मिस्त्री सांगतो, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर धरतं.

भाड्यानेच बरं

आम्ही तीन वर्षं हाच विचार केला आणि घेतली नाही. फ्लॅटला पार्किंग एकच, दुसऱ्यासाठी सोसायटी महिन्याचे पैसे मागते. धागाकर्त्याने पार्किंग धरलेलंच नाही. लागेल तेव्हा भाड्याची सेल्फ ड्राइव्ह, म्हणजे स्वतः चालवायची गाडी, घेताना पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, तेवढं पाहायचं. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

त्रिमूर्तीनगरची सून

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, व्हीलचेअर लागते. रिक्षात चढवणं म्हणजे दोघांचं काम, आणि ओला-उबरवाल्याला डिकीत सीएनजीची टाकी असल्याने व्हीलचेअर ठेवायला जागाच नसते. हॉस्पिटलच्या ओपीडीत नंबर कधी लागेल ते डॉक्टरलाही माहीत नसतं. बाहेर थांबलेल्या गाडीचं वेटिंग आणि आत आपली घालमेल. हे पैशात कसं मांडायचं? मी मांडलंच नाही.

आम्ही पाच सीटर ईको घेतली, एसीवाली. विक्रेता सात सीटर गळ्यात मारत होता. ईको २०१० ला आली तेव्हापासून पुढे बरीच वर्षं सात सीटरमध्ये कंपनीचा एसी यायचाच नाही, एसी हवा तर पाच सीटर, आणि कंपनीची सीएनजीही पाच सीटरलाच. वर्धारोडवासी, तुम्ही सहा जण आहात, तर हे आधी घरात सांगून टाका. मे महिन्यात बिनएसीच्या व्हॅनमध्ये सहा माणसं आणि खाली तापलेलं इंजिन, म्हणजे आदासा गाठेपर्यंत गणपतीच आठवेल.

सरकतं दार फार उपयोगी, रस्त्याच्या कडेला अडकत नाही. पायरी मात्र उंच आहे. सुताराकडून एक बुटका, रुंद पाट करून घेतला, खाली रबर ठोकलंय. सीटच्या बाजूला धरायला दांडी लावून घेतली.

आणि एक खर्च कुठेच लिहिलेला नसतो, तो म्हणजे नातेवाईक. "वहिनी, फक्त चितार ओळीतून गणपती आणायचाय." "काकू, पेट्रोल टाकून देतो." गणपतीला मी नाही म्हणत नाही. लग्नाच्या मोसमात मात्र चावी हरवलेली असते.

एमपी २८

छिंदवाड्याकडे व्हॅन स्वस्त मिळतात हे खरं आहे, मीही तिथूनच आणली. पण ती स्वस्ताई सीमेपर्यंतच. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, मग इथे गाडी तपासणी, आणि महाराष्ट्राचा रस्ताकर नव्याने. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, शून्य होत नाही. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या मार्फत मागायचा असतो. तो कशाला धावेल? माझा जो फायदा झाला त्यातला अर्ध्याहून जास्त करात आणि हेलपाट्यांत गेला. नागपूरच्याच नंबरची, एमएच ३१, ४० किंवा ४९ मधली मिळाली तर दहा-पंधरा हजार जास्त द्या.

गाडीचं वयही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे पहिल्या ईको आता त्या रेषेपलीकडे गेल्या. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० वरून ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर, आणि पासिंगला नेण्याआधी लाइटा, हॉर्न, पत्रा, सगळं नीट करायचं. मुदत टळली तर महिन्याला ५०० दंड. सव्वा लाखात मिळणारी चौदा वर्षांची गाडी या हिशोबात पकडा.

वर्धारोडवासी

पार्किंग खरंच राहिलं होतं, आमच्याकडे अंगण आहे म्हणून डोक्यात आलं नाही. एसीचा मुद्दा घरात वाचून दाखवला, बाबा खूष.

सीएनजीचं कोणी सांगेल का? महिन्यातून एकदोनदाच चालवायची तर काही अर्थ आहे?

इंधनखाऊ

नाही. सीएनजीचा फायदा रोज चालणाऱ्याला. नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोला १२० वर गेलेली आठवते ना? आता तसं नाही, पण टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावीच लागते, गाडी चालो न चालो. बाहेरून बसवलेला किट असेल तर आरसीवर नोंद आहे का बघा, नसेल तर त्या गाडीकडे पाहूच नका.

पेंचप्रेमी

टायरबद्दल लिहायला आलो. क्वचित चालणाऱ्या व्हॅनचे टायर दिसायला नवे असतात, नक्षी भरपूर. विक्रेता तेच दाखवतो. तुम्ही टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ असेल तर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वयाने कडक होतं, किमीशी संबंध नाही.

पेंचच्या खुर्सापार गेटपर्यंत आणि परत, एवढ्यात काही होत नाही. पण हेच टायर घेऊन लोक शेगावला समृद्धी महामार्गाने निघतात. काँक्रीटचा रस्ता, भर दुपार, सात माणसं, सामान. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला त्यानंतर टायर फुटून इतके अपघात झाले की आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली. वेगमर्यादा १२० आहे म्हणून व्हॅनने १२० गाठायचं नसतं. उंच, हलकी गाडी आणि बारीक टायर, बाजूने ट्रक गेला की डोलते. मी ८० च्या पुढे नेत नाही. चारही टायर नवे घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा, घासाघीस करतानाही तोच मुद्दा कामी येतो.

बेसूर

आमच्या भजनी मंडळाने वर्गणी करून व्हॅन घेतली होती. तबला, पेटी, टाळ, सतरंज्या आणि पाच-सहा माणसं. गाडी आमच्यातल्या एका भाऊंच्या नावावर, कारण त्यांच्याकडे लावायला जागा होती. खर्चाची वही होती, किल्ल्या दोन होत्या. महालातल्या अरुंद गल्ल्यांतून ती गाडी फक्त भाऊच काढू शकत. वर्गणीत एकेकावर येणारा वार्षिक खर्च इतका कमी होता की कोणी कधी कुरकुर केली नाही.

मागच्या वर्षी भाऊ वारले. गाडी कायद्याने त्यांच्या वारसांची झाली, आमच्या वहीला तिथे किंमत नाही. वहिनींनी स्वतःहून सांगितलं, गाडी मंडळाची आहे, घेऊन जा. पण त्यांच्या मनात असून भागत नाही. आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर, त्यासाठी मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं संमतिपत्र (एक मुलगा परदेशात), मग वहिनींकडून मंडळातल्या दुसऱ्याच्या नावावर नमुना २९ आणि ३०. विमाही दोनदा बदलायचा. तोवर चालवायची कशी, म्हणून ती उभीच होती, आणि गॅरेजवाला भाऊ म्हणतात ते सगळं तिला झालं.

भागीत घेत असाल तर दोन गोष्टी करा. स्टँपपेपरवर कोणाचे किती पैसे ते लिहा, आणि आरसीवर वारसनोंद करून घ्या. २०२१ पासून ती सोय आहे.

गॅरेजवाला भाऊ

बेसूर भाऊ, नाव बदलताना एनसीबीच्या भरवशावर राहू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची विम्यातली सूट, माणसाचा असते, गाडीचा नाही. इकणाऱ्यासोबत जाते. अन् पॉलिसी १४ दिवसांत नावावर करा, नाहीतं गाडी तुमची, पॉलिसी दुसऱ्याची, अन् नुकसानीचा पैसा कोणालेच नाही. उंदरानं वायरिंग खाल्लं असन तं घेऊन या, फोटो पाठवू नका, फोटोत समजत नाही.

त्रिमूर्तीनगरची सून

वर्धारोडवासी, घेण्याआधी एक करून बघा. ज्या महिन्यात जास्त फिरणं होतं तेवढा महिनाभर भाड्याची सात सीटर लावा आणि बिलं जपून ठेवा. आणि बाबांना मागच्या सीटवर बसवून एकदा धापेवाड्याला नेऊन आणा, येताना रस्ता खराब आहे.

वर्धारोडवासी

बाबा मागे बसायला तयार नाहीत. पुढची सीट इंजिनावर आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात चार-पाच वेळा भाड्याने नेऊन बघायचं ठरलंय. खामल्याची २०१८ ची पाच सीटर एसी बघून ठेवली आहे, टायरवर २०१८ चाच आकडा आहे. मालक टायरचे पैसे कमी करायला तयार नाही.