इन्सुलिनवर असताना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम कसा जमवता?

टाइप १ मधुमेह आहे, गोव्यात ताळगावात राहतो. मिरामारच्या किनाऱ्यावर रोज अर्धा तास भरभर चालायचं ठरवलंय पण परतताना शुगर ६५ वर येते, हात कापतात, मग भीतीने दोन दिवस जातच नाही. तुम्ही काय करता?

— निघण्याआधी शुगर बघ, ९० च्या खाली असली तर १५ ग्रॅम तरी कार्ब (साखर-पिष्ट पदार्थ) खा, आणि मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालू नको रे, ते पटकन शोषलं जातं. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यातच.

— माझ्या मुलीची शुगर रात्री उतरते, म्हणून झोपताना परत तपासतो. २५० च्या वर असली तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारी आम्लं) बघितल्याशिवाय खेळायला पाठवत नाही. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

— मांडीतच घेत होतो! डॉक्टरांशी बोलतो.