"ओढलं की टेन्शन जातं" म्हणणाऱ्या मुलांशी काय बोलावं?

पाटीपेन्सिल: १५-१६ वर्षांच्या मुलांच्या गटात "वेप (ई-सिगारेट) ओढला की डोकं शांत होतं" हे वाक्य हमखास येतं. "तो भास आहे" म्हटलं की मुलं गप्प. भावनांची नोंद करून घ्यायची तर तक्त्यात काय विचारावं?

निळी_शाई: भास म्हणूच नका. शांत खरंच वाटतं. प्रश्न आहे अस्वस्थता आली कुठून. वेपमधल्या निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याची चिडचिड सुरू होते आणि पुढचा झुरका तीच मिटवतो. मुलाच्या हिशेबात मात्र चिडचिड अभ्यासाची, आराम वेपचा. विचारा, "उठल्यावर पहिला झुरका किती वेळात? तोवर टेन्शन येण्यासारखं काय घडलं होतं?" बहुतेकदा काहीच नसतं, आणि ते त्याचं त्यालाच दिसतं. सोडल्यावर पहिले २-३ दिवस सगळ्यात वाईट, उतार पडायला २ ते ४ आठवडे. हे आधी सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी "बघा, टेन्शन वाढलं" म्हणत गडी परत वेपकडे.

उंबरठा: तक्त्यात चारच रकाने: वेळ, आधीची १० मिनिटं, भावना, तलफ (० ते १०). किती ओढलं हे सुरुवातीला विचारू नका, खोटं लिहितात. गोची भावनेच्या रकान्यात होते, सगळीकडे "बोअर". तिथे खोदायचं. उदाहरणार्थ: "रात्री ११.४०, ग्रुपवर माझा मेसेज सगळ्यांनी वाचला, उत्तर नाही, बोअर, ७." बोलल्यावर "बोअर" खोडून "मला वगळलं" येतं. झोप आणि भूकही बघा. आनंदाच्या भरात ओढलेलंही लिहायला सांगा, ते हटकून सुटतं. २० मिनिटांनी तलफेचा आकडा पुन्हा लिहायचा. न ओढताही तो बऱ्याचदा खाली आलेला असतो.

निळी_शाई: मित्रांत मजेसाठी घेणाऱ्याला नकाराचा सराव उपयोगी. एकट्यानं, मन हलकं करायला घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तिथे उदासी तपासा, आत्महत्येचे विचार येतात का हे थेट विचारा. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत. आणि रोज दारू पिणाऱ्याला परस्पर "आजपासून बंद" सांगू नका. अचानक सोडल्यानं आकडीचे झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर.

पाटीपेन्सिल: तक्ता घरी न्यायला द्यावा का?

उंबरठा: नको. घरच्यांच्या हाती लागला की पुढच्या आठवड्यात सगळे रकाने "ठीक". तुमच्याकडेच ठेवा, पण जिवाला धोका दिसला तर घरी सांगावं लागेल हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.