'कोंदे'ला मराठीत काय म्हणाल?

उपशीर्षकवाली

एका कोरियन मालिकेची उपशीर्षकं हौसेने मराठीत करते आहे. त्यात ऑफिसातली नवी मुलगी आपल्या चाळिशीच्या वरिष्ठाला पाठीमागे 'कोंदे' म्हणते. 'थेरडा' वयाने बसत नाही. 'खडूस' म्हटलं की नुसता तुसडा माणूस डोळ्यांसमोर येतो. एकच शब्द हवा, पडद्यावर तेवढीच जागा आहे. शेजारच्या जपानी-चिनी पोरांकडे असे शब्द असतील तर तेही सांगा.

कोरियाप्रेमी

ताई, कोंदे हा मुळात शाळकरी पोरांचा चोरटा शब्द. म्हाताऱ्याला म्हणायचा, नाहीतर शिक्षकांना. पुढे अर्थ सरकत सरकत 'मी सांगतो तेच खरं' म्हणत खालच्यांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसावर येऊन बसला. 2019 मध्ये बीबीसी टूने फेसबुकवर हा 'आजचा शब्द' म्हणून दिला, तेव्हा अर्थ सांगितला होता तो साधारण असा: आपण कायम बरोबर आणि समोरचा कायम चूक असं मानणारा वयस्क माणूस. यातलं 'वयस्क' आता कोरियातच गळून पडत चाललंय. कॉलेजात एक वर्षाने लहान असलेल्याला 'वाकून नमस्कार का नाही केलास' म्हणून झापणारा विशीतला सिनियरसुद्धा 'तरुण कोंदे' ठरतो. वयातल्या वर्षभराच्या अंतरानेही जिथे बोलताना क्रियापदाचं आदरार्थी शेपूट बदलतं, तिथे कोंदेगिरीची संधी सगळ्यांनाच.

कोंदे ओळखायची खूण म्हणजे 'ना त्तेनन मारिया', अर्थात 'माझ्या वेळी ना...'. पोरांनी 'ना त्ते'चं 'रात्ते' केलं, म्हणजे लाटे कॉफी. 'मारिया'त 'माल' हा शब्द दडलाय (उच्चारताना 'ल'चा 'र' होतो), आणि त्याचा आणखी एक अर्थ घोडा. त्यामुळे ग्रुपवर कॉफीचा कप आणि शेजारी घोडा असं चित्र टाकलं, की साहेबांच्या आठवणींना परस्पर उत्तर मिळतं. तुमच्या मालिकेत हा घोडा आला तर डोक्याला ताप आहे बघा.

याहून कडू शब्द म्हणजे 'थल्त्ताक'. कवळी आणि तिचा टकटक आवाज यांची सांगड घालून केलेली शिवी. ती निव्वळ वयावर आहे आणि गलिच्छ आहे. कोंदेच्या जागी चुकूनही वापरू नका.

तोक्योकर

जपानीत 'रोओगाई'. रोओ म्हणजे म्हातारा, गाई म्हणजे हानी. प्रदूषणाला तिकडे 'कोओगाई' म्हणतात, त्याच घडणीचा शब्द. कोंदे तोंडाने त्रास देतो, रोओगाई खुर्ची अडवून बसतो. 2021 च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी, वय 83, 'बायका असल्या की बैठका लांबतात' अशा अर्थाचं बोलले आणि त्यांना पद सोडावं लागलं. तेव्हा हा शब्द जिकडेतिकडे होता. लोकसंख्येत पासष्टीपुढचे जवळजवळ तीस टक्के, मतंही त्यांचीच जास्त. मग तरुण मंडळी तिथल्या राजकारणालाच 'चंदेरी लोकशाही', म्हणजे पिकल्या केसांची लोकशाही म्हणतात.

एक मासला देतो. नवशिक्या ड्रायव्हरच्या गाडीवर कोवळ्या पानाचं चिन्ह लावतात. 1997 मध्ये वृद्ध चालकांसाठी पिवळ्या-नारिंगी थेंबासारखं चिन्ह आलं. सांगितलं गेलं, हे मेपलचं शरदातलं पान. लोकांनी त्याला 'वाळकं पान' म्हणायला सुरुवात केली. आजोबा ते लावेनात. शेवटी 2011 मध्ये चार पाकळ्यांचं रंगीत चिन्ह आणलं. आपल्याकडे 'पिकलं पान' म्हणताना आवाज आपोआप हळवा होतो, तिथे तेच गाडीच्या मागे चिकटवलं तर टिंगल झाली.

चिनीची विद्यार्थिनी

चिनीत उलटी गंमत आहे. तिथला गाजलेला शब्द 'खन्लाओ', म्हणजे म्हाताऱ्यांना कुरतडणे, आणि तो पोरांवरच उलटतो! आईबापांच्या पैशावर जगणाऱ्या मुलांसाठी आहे. कोंदेच्या जवळचा हवा असेल तर 'त्ये-वेई', शब्दशः बापाचा वास. न विचारता उपदेश करणाऱ्याच्या बोलण्याला हा वास येतो. मुली फार वापरतात, आणि बहुतेकदा बापाच्या वयाच्या नसलेल्या पुरुषांसाठी.

जुना सभासद

तिन्ही देशांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची शिकवण एकाच कन्फ्यूशियसची, म्हणून पोरांना तोंडावर बोलता येत नाही आणि असे शब्द पाठीमागे पिकतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जपानी पोरगा खुर्ची अडल्याचं रडतो, चिनी मुलगी उपदेशाला वैतागते, ही दुखणी वेगळी आहेत. सगळ्यांना एकच मराठी शब्द लावू नये.

कोंदेपुरतं माझं मत 'मास्तर'. मूळ शब्दात शिक्षक आहेच, आणि आपण 'उगाच मास्तरकी करू नकोस' हे तिशीतल्या माणसालाही म्हणतो. वयाची अट नाही.

उपशीर्षकवाली

पण काका, मास्तर म्हणजे शिंपीही, बँडवालेही. आणि गावाकडे तर प्रेमाने म्हणतात.

जुना सभासद

म्हणू देत की. पाठीमागे, डोळे फिरवून 'आले मास्तर' म्हटलं की प्रेम उरत नाही. नटी डोळे फिरवतेय ना?

उपशीर्षकवाली

फिरवतेय! मग 'मास्तर' नक्की. आणि तो घोडा आलाय हो, सातव्या भागात. कप, घोडा, सगळं.

कोरियाप्रेमी

घोडा सोडून द्या, कप ठेवा. साहेब 'आमच्या वेळची गोष्ट' म्हणाले, की पोरीने चहाच्या कपाकडे बघत म्हणायचं, 'आली वेलची!'