नुसते रूळ सरकवून भागत नाही

एकांनी लिहिलंय की १९९२ ची युनिगेज योजना, म्हणजे देशभर रेल्वेचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) एकच, ब्रॉडगेज करायची योजना, ही 'रूळ जरा लांब सरकवायचे, एवढंच' आहे. मिरज-लोंढा लाइनवर राहणाऱ्या माणसाला हे पटणार नाही हो!

मीटरगेज १००० मिमी, ब्रॉडगेज १६७६. फरक जेमतेम सव्वादोन फुटांचा. पण मीटरगेजचा स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, आखूड, म्हणजे तो बदलणं आलंच. ब्रॉडगेजचा डबा रुंद नि उंच, वजनही जास्त. मग पूल त्या भाराला टिकायला हवेत, बोगदे मोठे हवेत, वळणं सौम्य हवीत, फलाट नव्या मापाचे हवेत. इंजिनं-डबे तर सगळेच निराळे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या सुमारास, पैसे वाचवायला मीटरगेज घेतलं. ती काटकसर पुढे आपण फेडली.

मिरजेला तर एकेकाळी तिन्ही गेज होते: पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉड, आमच्या लोंढ्याकडे मीटर, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमीची नॅरो. मालाचं तर विचारूच नका, एका वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचा, तोही हमालांच्या पाठीवर. पुण्याला जाताना आई कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) डबा मांडीवर घेऊन बसायची, मिरजेला गाडी बदलताना गर्दीत चेपायला नको म्हणून. रायबाग, कुडची गेलं की घरातले सगळे सामान आवरायला लागायचे.

नव्वदच्या दशकात आमची लाइन रुंद झाली तेव्हा ती धावपळ संपली. निपाणीकरांना मात्र गेजच्या वादाशी काय देणंघेणं, त्यांच्या गावात रेल्वेच नाही.