बीजगणित सगळ्यांना सक्तीचं हवं का? आणि शिकवायचं कसं?

साखरपेठकर:
दहावीला पूर्वी सामान्य गणिताचा पर्याय होता, तो परत आणा. आमच्या गल्लीतली पोरं यंत्रमागावर नाहीतर गारमेंटमध्ये जातात. त्यांना व्याज, टक्केवारी, मापं आलीच पाहिजेत. पण दोन अज्ञात संख्यांची समीकरणं सोडवायला निश्चयक आणि क्रेमरची पद्धत कशाला? गणितात अडकलं की पोरगं शाळा सोडतं. मुलगी असली तर घरचे स्थळं बघायला लागतात. एका विषयापायी केवढं नुकसान!

गणिताच्या बाई:
दादा, तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. पर्याय घेणार कोण? ज्यांना शिकवणी परवडत नाही तीच पोरं. मग डिप्लोमा, सायन्सची दारं त्यांना पंधराव्या वर्षीच बंद.

चुकतं ते शिकवण्यात. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढं घोकून घेतात. दोन्ही बाजूंतून सारखंच वजा केलं म्हणून तसं दिसतं, हे सांगतच नाहीत.

मी आठवीला उजनी धरणापासून सुरुवात करते. सोलापुरात शेंबडं पोरही ‘उजनी उणे वीस टक्के’ म्हणतं. धरणात पाणी दिसतंय, मग उणे कसं? मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा, सुमारे 63 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यावरचा उपयुक्त साठा सुमारे 53. टक्के मोजतात ते या उपयुक्त साठ्याचेच. शून्य टक्के म्हणजे 63 टीएमसी शिल्लक. टक्के ‘क्ष’ धरले तर एकूण पाणी 63 + 0.53क्ष. क्षच्या जागी उणे 20 घातले की 52.4. मग उलटं विचारते: 40 टीएमसी उरलं तर टक्के किती? उणे 43च्या आसपास येतं, आणि ते पोरं स्वतः काढतात.

मागवाला:
बाईंशी सहमत. चादरीचा भाव मी एक्सेलमध्ये काढतो. सुताच्या दराचा रकाना बदलला की सगळ्या नगांचे भाव बदलतात. तो रकाना म्हणजे क्षच की!

वाचनवेडी:
भास्कराचार्यांच्या 1150च्या ग्रंथात अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत. रंगीत सुताच्या गावात तशीच सुरुवात करून बघा.

साखरपेठकर:
बाई, उजनीचं उदाहरण झकास. पण बोर्डाच्या 40 गुणांच्या पेपरात उजनी येत नाही, क्रेमर येतो. साठ पोरांच्या वर्गात सर तेच घोटून घेणार.

गणिताच्या बाई:
मग पेपर बदलायची मागणी करू या, दादा. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण तर शाळेच्याच हातात आहेत, तिथून आजच सुरुवात होते.

साखरपेठकर:
पेपर बदलेपर्यंत सामान्य गणिताची मागणी मी सोडणार नाही. आत्ता नववीत बसलेल्या पोरांना थांबायला वेळ नाही.