पैसे भरून पुस्तक काढणाऱ्याला लेखक म्हणावे का?

चर्चाप्रस्ताव (नौपाडा, ठाणे)
आमच्या भागातील एका प्रकाशन समारंभात मी स्वखर्चाने काढलेली एक कादंबरी विकत घेतली. पहिल्या प्रकरणातील वैशाली चौथ्या प्रकरणात वैजयंती होते आणि तिचे वारलेले सासरे शेवटच्या प्रकरणात वास्तुशांतीला हजर असतात. व्यासपीठावर मात्र शाल, श्रीफळ आणि ‘सिद्धहस्त लेखक’ हे बिरूद, सारे यथासांग पार पडले. माझा आक्षेप पैशांना नाही. हस्तलिखित परत करण्याचा अधिकार असलेला एकही वाचक ज्याला भेटला नाही, त्याला लेखक म्हणण्याची घाई आपण का करतो, हा माझा प्रश्न आहे. श्री. पु. भागवतांसारखे संपादक हस्तलिखितावर लेखकाशी सविस्तर चर्चा करीत. त्यांचे ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद पडले आणि माझ्या मते ती जागा पुढे रिकामीच राहिली.

प्रतिसाद (ऐरोली)
हा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी कोणाकोणाला दाराबाहेर ठेवले, हेही सांगावे लागेल. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळी केली, ती काही हौसेखातर नव्हे. त्या काळातील अनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदतीचे बंधन नसलेले छोटे वाङ्मयीन अंक, पदरमोड करूनच निघत, पुष्कळदा सायक्लोस्टाइल करून. त्या चळवळीतले कवी अरुण कोलटकर आज विद्यापीठांत अभ्यासले जातात. शिवाय मला एका प्रकाशकाने ‘निम्म्या प्रती तुम्ही घ्या’ अशी अट घातली होती. मग प्रकाशकाचे पुस्तक कोणते आणि स्वखर्चाचे कोणते?

नौपाडा
आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. १९६३ मध्ये समकालीन मराठी साहित्याची झाडाझडती घेणारे अशोक शहाणे त्याच मंडळींतले. त्या मंडळींनी संपादक नाकारला नाही, बदलला.

प्रतिसाद (वाशी)
आपण दोघेही प्रतिष्ठेचाच हिशेब मांडत आहात. मी मालिकांचे संवाद लिहिते. कलाकाराच्या तारखा नाहीत म्हणून दृश्य बदलल्याचा निरोप रात्री अकराला येतो आणि सकाळी सातच्या चित्रीकरणाला नवे संवाद हवे असतात. लेखन नाकारणारे मला रोज भेटतात. तरी साहित्यिकांच्या बैठकीत मला कोणी लेखिका म्हणत नाही, तेव्हा नौपाड्याचा निकष येथेच कोसळतो. आपल्या शब्दांवर कायद्याने हक्क सांगता येणे, हे मला लेखक असण्याचे पहिले लक्षण वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशीच वैध ठरते, आणि करारात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. पैसे लेखकाचे आणि हक्क मात्र छापणाऱ्याचे, असे करारही मी पाहिले आहेत. त्यांवर डोळे मिटून सह्या झालेल्या असतात.

ऐरोली
हक्काचा मुद्दा मान्य. परंतु हक्काला किंमत येण्यासाठी ते लेखन कोणीतरी विकत घेऊ इच्छिले पाहिजे. कवितासंग्रहांच्या बाबतीत ते क्वचितच घडते, म्हणून कवी पैसे भरतो. त्याला वगळायचे ठरवले, तर आजच्या मराठी कवितेचा बराच मोठा भाग वगळावा लागेल, आणि त्यात चांगली कविताही जाईल.